खात्रीचं कार्ड

आमच्या धाकट्या दिरांना गल्लीत सगळे 'खात्री' म्हणतात. दुरुस्त केलेलं यंत्र गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते फक्त "खात्री आहे" एवढंच बोलतात, त्यावरून पडलेलं नाव. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांनी कुणाला खोटी खात्री दिल्याचं मला आठवत नाही. आणि मी काही सहजासहजी कुणाचं कौतुक करणाऱ्यातली नाही, हे माझ्या माहेरी विचारा, सासरी विचारा.

आमची पुढची खोली दोघांत वाटलेली आहे. खिडकीजवळ माझं शिलाई मशीन. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या पोटांसाठी कमरा सैल करणं ही माझी कामं. दाराकडच्या भिंतीला भाऊजींचं बाक. ते जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात; जुने म्हणजे भंगारवालाही तोंड वाकडं करून उचलेल असे. तरुणपणी ते दुरुस्तीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते. वर्कशॉप बंद पडलं, मालकाने जाताना सुट्या भागांची खोकी त्यांच्या गळ्यात मारली, आणि लग्नबिग्न न करता भाऊजी त्या खोक्यांशीच संसार करत बसले. मग दिवस पालटले. तेव्हाची पोरं आता टकली झाली आहेत, आणि लहानपणी बापाने खेळू दिले नाहीत ते खेळ आता बायकोच्या परवानगीने खेळायला बघतात. चांगले कर्तेसवरते पुरुष चौकोनी चाकांची गाडी पडद्यावर धावताना बघून डोळे पुसतात. मी हे स्वतः पाहिलं आहे, आणि हसू आवरायला तोंडात दोरा धरला आहे.

त्या काळच्या खेळांना कॉम्प्युटरात वेगळं ग्राफिक्स कार्ड लागायचं, चित्र काढायला. ते खेळ आजही त्या वेळच्याच कार्डांना ओळखतात. नव्या यंत्रात घातले तर एक तर सुरूच होत नाहीत, नाहीतर सगळं शेपटीला आग लागल्यासारखं पळत सुटतं. म्हणून लोक माळ्यावरून, अडगळीतून ती कार्डं शोधून आणतात, आणि वीस-पंचवीस वर्षं धूळ खाल्लेलं कार्ड चालेल की नाही हे ठरवायचं काम भाऊजींकडे येतं.

यात सगळा घोळ एकाच प्रश्नाचा. चित्र येत नाही, तर दोष कार्डाचा, की ज्या यंत्रात ते बसवलं त्याचा? भाऊजींची रीत अशी. बाकावर लाकडी फळी, फळीवर उघडा मदरबोर्ड, बाजूला त्याला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, आणि समोर काचेच्या नळीचा जाडजूड मॉनिटर. गिऱ्हाइकाचं कार्ड बसवायचं. एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजल्या, म्हणजे यंत्राला कार्ड दिसलं नाही. मग ते काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि पुन्हा बसवायचं. तरीही शिट्ट्याच, किंवा चित्र येऊनही खेळ सुरू होताच पडद्यावर रंगीत चौकटींची कालवाकालव, तर मग ते बाजूला ठेवून 'खात्रीचं कार्ड' बसवायचं. हे भाऊजींचं स्वतःचं. हिरवी पाटी, वर चिकटवलेला छोटा पंखा, त्या काळचं सगळ्यात दांडगं आणि वीजही तशीच खाणारं. त्याच्या पाठीवर पांढऱ्या पट्टीवर भाऊजींच्या अक्षरात 'खात्रीचं' असं लिहिलेलं. ते बसवलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली की निकाल लागला: बाक ठीक, गिऱ्हाइकाचं कार्ड गेलेलं. त्या कार्डावर खेळ मात्र कधी चालवायचे नाहीत. म्हातारं झालंय, त्याला साक्षीपुरतं बोलवायचं, राबवायचं नाही, असं भाऊजींचं म्हणणं.

गेल्या वर्षी कुठेतरी माशी शिंकली. येईल ते कार्ड बाकावर नापास व्हायला लागलं. भाऊजी घासत, पुसत, फुगलेले भाग बदलत. मीटर लावून वीज मोजत, तेही बाकावर खात्रीचं कार्ड बसवून, म्हणजे आकडे भरवशाचे मिळतील. आकडे ठीक. खात्रीचं कार्ड ठीक. मग शेवटचा इलाज म्हणून गरम हवेचा झोत सोडत, की आतले निसटलेले सांधे वितळून पुन्हा धरतील. हा इलाज म्हणजे मरणाऱ्या माणसाला दिलेला विजेचा धक्का. जगला तर जगला. एकही जगलं नाही.

मग एक गिऱ्हाईक आपलं 'गेलेलं' कार्ड दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलं आणि तिथे ते पहिल्या झटक्यात चाललं. तो भला माणूस भांडायला आला नाही. नुसतं सांगून गेला, आणि जाताना भाऊजींच्या खांद्यावर थोपटलं. भांडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून भाऊजी कार्ड बसवताना स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले. गल्लीतल्या टवाळांनी 'खात्री'चं 'बिनखात्री' केलं. मी एकदोघांना खिडकीतूनच फैलावर घेतलं, पण लोकांची तोंडं मी किती शिवणार?

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धाकट्या भावाची काळजी वाटायला लागली. निदान मला तसं वाटलं. हे एका मालवाहतूक कंपनीत पार्सलं रवाना करण्याच्या कामावर आहेत. बोलणं मऊ, आवाज कधी चढत नाही. जेवताना हळूच म्हणायचे, या वयात हातात कंप येतो, त्यात लाज कसली. एके दिवशी रजा काढून भाऊजींना नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने हात ताणून बघितले, बोटं मोजायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि काही नाही म्हणून सांगितलं. येताना वाटेत हे भाऊजींना म्हणाले की डॉक्टर असलं काही तोंडावर सांगत नाहीत. भाऊजींनी घरी येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं, आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून प्यायले. धडधाकट माणूस. मला रडू आलं, आणि मला रडू येणं मला मुळीच आवडत नाही.

पुढे ह्यांनी भाऊजींसाठी आपल्या कंपनीच्या गोदामात नोकरी बघितली. फाटकाशी बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. भाऊजींनी दादाचे आभार मानले. ठरलं असं, की एका न्हाव्याचा कॉम्प्युटर आला होता, ते शेवटचं काम. ते जमलं तर बघू, नाहीतर रविवारी भंगारवाला येऊन बाक, खोकी, सगळंच उचलून नेईल.

हा न्हावी आमच्या कोपऱ्यावरचा. दुकानात बसून वाट बघणाऱ्यांना पूर्वीचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळता यावा म्हणून त्याने वर्षभर एकेक भाग गोळा केला होता: डबा, मदरबोर्ड, कीबोर्ड. कार्ड सगळ्यात उशिरा मिळालं. वीज पुरवणारा डबा तेवढा त्याने नवा घेतला होता. भाऊजींचा नियम, की बाकावर पास झाल्याशिवाय कुठलाही भाग यंत्रात जायचा नाही. न्हाव्याचे बाकीचे भाग पास झाले. कार्ड नापास झालं. शनिवारी सकाळी भाऊजी त्यावर गरम हवा सोडायच्या तयारीत होते. न्हाव्याला आधी सांगून ठेवलं होतं, आणि तो म्हणाला होता, तुम्ही करा, तुमच्या हातून गेलं तर गेलं. असं बोलणाऱ्याचं कार्ड हातून जाणं फार वाईट असतं.

त्या सकाळी मला इस्त्री लावायची होती. भाऊजींच्या सगळ्या गोष्टी एका लांब पट्टीवर लावलेल्या, आणि पट्टीला एकच बटण. कार्ड बदलताना ते बटण बंद करायचं म्हणजे मॉनिटरसकट सगळं बंद. विजेचा अपव्यय नको म्हणून ही शिस्त माझीच. भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत माझ्या इस्त्रीची वायर पुरेना. मी मॉनिटरची पिन उपटून भिंतीत घातली आणि पट्टीवर इस्त्री लावली. भाऊजींना विचारलंसुद्धा नाही. विचारून काही करणं माझ्या स्वभावात नाही.

गरम हवा सोडण्याआधी भाऊजींनी नेहमीप्रमाणे एकदा शेवटची साक्ष काढली. न्हाव्याचं कार्ड बाजूला, खात्रीचं कार्ड बाकावर, बटण चालू. या वेळी मॉनिटर बंद झालेलाच नव्हता. एरवी त्याची काचेची नळी तापून उजळेपर्यंत पहिल्या ओळी येऊन निघून जातात. आज डाव्या कोपऱ्यात वरच एक बारीक ओळ उमटली, पापणी लवेपर्यंत राहिली आणि गेली. हे काय आलं होतं, मी विचारलं. भाऊजी म्हणाले, काही नाही, कार्ड सुरू होताना आधी स्वतःचं नाव सांगतं. बोलता बोलता ते थांबले. बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मी इस्त्री उभी केली आणि जवळ गेले. नावाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं होती.

"वहिनी," ते म्हणाले, "हे आपलं नाही."

त्या दोन अक्षरांचा अर्थ त्यांनी मला समजावला. कंपनीने एकाच साच्यात दोन कार्डं काढली होती. तीच हिरवी पाटी, तोच पंखा. एक दांडगं, आणि दुसरं त्याचंच धाकटं भावंड, आतून निम्मं, विजेचा खुराकही निम्मा. त्याच्या नावाला ती दोन अक्षरं जोडलेली. पंखा चिकटवलेला असल्यामुळे वरून फरक कळायचा नाही. मग पुढचं त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर ते उमगताना दिसलं. बाकाचा वीजपुरवठा केव्हाचा कमजोर झाला होता. दांडगी कार्डं बसली की त्यांना पुरत नव्हता, म्हणून ती नापास होत होती. पण ज्याला फारसं जेवायला लागतच नाही त्याला विचारलं की स्वयंपाक पुरेल का, तर तो पुरेल म्हणणारच. सगळं तपासलं होतं, फक्त ज्याने तपासायचं तेच कधी तपासलं नव्हतं.

भाऊजींनी न्हाव्याचं कार्ड उचललं आणि नियम मोडून थेट न्हाव्याच्या यंत्रात बसवलं, त्याच्या नव्या वीजपुरवठ्यावर. मॉनिटर जोडला. खेळ लागला. चौकोनी चाकांच्या गाड्या न अडखळता धावायला लागल्या, धूळ उडाली, डोंगर मागे गेले. मी टाळी वाजवणार होते. भाऊजींनी पडद्याकडे बघितलंही नाही. ते टेबलाखालचं 'गेलेल्यां'चं खोकं ओढत होते, लोक कंटाळून सोडून गेले होते त्या कार्डांचं. एकेक करून त्यांनी सगळी त्या यंत्रात लावली. चालतंय, चालतंय, हेही चालतंय. ज्यांच्यावर गरम हवा सोडली होती ती तेवढी चालली नाहीत. ती त्यांनी वेगळी ओळीने मांडली.

"ही मी मारली," ते म्हणाले. "धडधाकट होती."

मी त्यांच्या हातातून खात्रीचं कार्ड घेतलं, कारण काहीतरी घ्यायला हवं होतं. पाठीवर पांढरी पट्टी होती, अक्षर भाऊजींचंच. पण पट्टी नखाने उचलून बघितली तर तिच्याखाली तपकिरी चिकटपट्टीचा कापून घातलेला तुकडा निघाला. पांढऱ्या पट्टीचा गोंद एकदाच धरतो. कुणीतरी ती जपून सोलून काढली होती आणि या दुसऱ्या कार्डावर नीट बसवली होती, कडा जुळवून. पार्सलं बांधायची ती तपकिरी चिकटपट्टी आमच्या घरात सगळीकडे आहे. रिमोटला, तडकलेल्या बादलीला, माझ्या मशीनच्या पायडलला. ती आमच्याकडे एकाच ठिकाणाहून येते.

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं.

शनिवारी हे दुपारीच घरी येतात. तोवर मी एकाच पॅन्टला पुन्हा पुन्हा इस्त्री करत होते. मला आठवत होतं, दोन वर्षांपूर्वी ह्यांची रात्रपाळी एकाएकी सुटली होती. वर्षानुवर्षं अर्ज करून सुटली नव्हती ती. मी केवढी हरखले होते. घरात गोडधोड केलं होतं, ह्यांच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांना दुवा दिला होता. मोठ्या साहेबांच्या मुलाला जुन्या खेळांचा नाद आहे हेही ह्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. रात्री नवरा घरी असण्याचं जे सुख मी भोगलं, ते कशाच्या बदल्यात आलं होतं हे मला त्या इस्त्रीशी उभं राहून कळलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी आजवर नुसतं म्हणत होते.

हे आले, चपला काढल्या, बाकावर मांडलेली ओळ बघितली, वेगळी पडलेली पांढरी पट्टी बघितली. आधी माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे.

"दादा, माझं कार्ड कुठेय?" भाऊजींनी विचारलं.

ह्यांनी नाकारलं नाही, एवढं श्रेय मी देते. साहेबांच्या मुलाला तेच कार्ड हवं होतं, बाजारात मिळत नव्हतं, आणि रात्रपाळीने अंगाचं पार चिपाड झालं होतं. तसंच दिसणारं एक हलकं कार्ड त्याच मुलाकडे पडून होतं. ते घेतलं आणि पट्टी हलवली. सांगितलं असतं तर तू दिलं नसतंस, असंही म्हणाले.

"मागून बघायचं होतंस," भाऊजी म्हणाले. "पण कार्डाचं राहू दे. मला डॉक्टरकडे नेलंस, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

हे म्हणाले, तुझ्या बाकाचं मला काय कळतं. मला वाटलं, खरंच तुझ्या हाताला काहीतरी झालं असेल.

"ठाऊक होतं का, एवढंच सांग."

ह्यांनी शर्टाची बाही खाली ओढली, बटण लावलं, पुन्हा काढलं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "संशय होता. एकदा गप्प बसलो, मग बोलायला जागाच राहिली नाही. तू बाक सोडलं असतंस तर सगळं आपोआप मिटलं असतं."

मी वाट बघत होते की आता भाऊजी ओरडतील. ओरडावं, बाक उलथून टाकावं, मी नंतर सगळं उचललं असतं. ते खाली वाकले, मेलेली कार्डं एका कापडात गुंडाळली आणि गाठ मारली. बोटं जराही हलली नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही हातपाय धुऊन घ्या. वहिनी वाढतील."

मला वाटलं, दारात न्हावी आला असावा, त्याला म्हणताहेत. ह्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण ह्यांनी वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. हे दोघे भाऊ एका पांघरुणात वाढलेले. दादाला 'तू' म्हणताना भाऊजी कधी अडखळले नाहीत. लग्नात, दवाखान्यात, वडील गेले त्या दिवशीसुद्धा. परक्याला म्हणतात तितक्याच आदराने ते 'तुम्ही' म्हणाले, आणि न्हाव्याचं यंत्र दोन्ही हातांत उचलून ते पोचवायला निघून गेले. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून वाटेतच सांगून येतो, असं मला सांगून गेले.

संध्याकाळी भाऊजी जेवायला आले नाहीत. ताट झाकून ठेवा म्हणाले आणि बाकाचा वीजपुरवठा उघडून बसले. स्वयंपाकघरात हे एकटेच पाटावर बसले होते. पहिला घास हातातच राहिला.

"ऐकलंस ना? मला तुम्ही म्हणाला," हे म्हणाले. आवाज फाटला होता. "सख्ख्या भावाला. तू समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

लग्न झाल्यापासून मी या माणसाला 'अहो' म्हणत आले. आजारपणात, भांडणात, अंधारातसुद्धा. भाऊजींना दूर सरकायला निदान एक शब्द तरी मोकळा होता. मी ताटात वाढलं, पाण्याचा पेला जवळ सरकवला, आणि माझं मलाच ऐकू आलं.

"ऐकलं," मी म्हटलं. "जेव तू."